आतून लागणारी कडी

माझ्या बायकोची एकच अंधश्रद्धा होती. आमच्या घरात ही चीज टिकणं अवघड. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर लोक मांजराची विचारपूस करत आणि आपल्या कामाला निघत. अशा घरात ती सून म्हणून आली, सगळ्या शिस्तीत बसली, पण एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत पापच मानत राहिली. जेवत्या माणसाला ताटावरून उठवणं. कोणी गेल्याची बातमी असली तरी हातातला घास संपू द्यावा, पाणी पिऊ द्यावं, मग सांगावं, असं तिचं म्हणणं.

"हे कोणत्या ग्रंथात आहे?" मी विचारायचो.

"ग्रंथ तुमच्याकडं, ताट माझ्याकडं," ती म्हणायची.

तिला जाऊन वर्ष होत आलं. मी हे हळूहळू लिहितो आहे. ती असती तर म्हणाली असती, तुमचं एक वाक्य होईस्तोवर माझी सलाइनची बाटली संपते. खरंच संपायची. मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि ती त्याच गावातल्या सरकारी दवाखान्यात परिसेविका, म्हणजे वॉर्डांतल्या सगळ्या सिस्टरांची प्रमुख. गाव तिला इन्चार्ज बाई म्हणायचं. मला म्हणायचं इन्चार्ज बाईचे मिस्टर. इतक्या वर्षांत माझ्या हुद्द्याची चौकशी करणारा माणूस मला आठवत नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे, आणि त्यातलं बरंचसं मीच कॉलेजच्या कपाटात नीट लावून ठेवलेलं आहे. त्यात मी काही भर घालणार नाही. आमच्या उंबरठ्यापर्यंत जेवढं आलं तेवढं सांगतो. पोळ्याच्या आसपास फवारणी जोरात सुरू झाली की कळंबकडचे, बाभुळगावच्या बाजूचे लोक टेम्पोत घालून आणले जायचे. तोंडाला फेस, अंगाला कापरं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्यांना इंजेक्शन द्यायचं, थोडा वेळ थांबायचं, बाहुली पाहायची, नाडी पाहायची, पुन्हा द्यायचं. हे काम खुर्चीत बसून होत नाही आणि अर्धवट टाकून जाताही येत नाही. खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या पडायच्या आणि तरी वॉर्डात एका पाळीला सिस्टर एकच असायची.

तिच्या हाताखाली तेव्हा एक नवी मुलगी आली होती. तांड्यावरची. घरी आईशी फोनवर गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलायची तेव्हा आवाज चांगला खणखणीत निघायचा, पण वॉर्डात शिरली की इतकं हळू बोलायची की पेशंटच कान पुढं करायचे. ती पहाटेच्या एसटीनं यायची आणि डबा भिंतीच्या खिळ्याला अडकवायची. फवारणीच्या दिवसांत डबा बहुधा तिथंच अडकलेला राहायचा.

एका दुपारी ती औषधांच्या ट्रॉलीपाशी उभ्याउभ्या कोसळली. वॉर्डात एकच गलका.

"सिस्टरलेबी लागलं! सिस्टरलेबी औषध लागलं!"

"कपड्याचा वास गेला वाटते डोक्यात. आमच्या भाऊचा सदरा तिनंच काढलता."

एक म्हातारा टोपीनं वारा घालू लागला. एकजण तर डॉक्टरला बोलवायला धावला, तिलाही तेच इंजेक्शन द्या म्हणून. तेवढ्यात दुसऱ्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर आल्या. ह्या बाई नोकरीत माझ्या बायकोच्याही आधीच्या, अंगानं भारदस्त, आवाजानं त्याहून. त्यांनी पोरीचा चेहरा पाहिला, खिळ्यावरचा डबा पाहिला, आणि जाहीर केलं, "सरका बाप्पा सगळे. काही नाई झालं तिले. सकाळपासून उपाशी हाय ते."

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोनं आधी हातपाय धुतले. मग म्हणाली, "डबा मी उघडला तिचा. भाजी आंबली होती."

तिच्या डोक्यात काय शिजतं आहे हे मला कळलं नाही, पण अडचणीत असलेल्या माणसाला मी एकाच प्रकारे मदत करू शकतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून तिच्यासाठी व्यवस्थापनाचं एक जाड पुस्तक आणलं. नेतृत्वावर त्यात तीन मोठी प्रकरणं होती. रोज रात्री ती दीड पान वाचायची आणि पुस्तक छातीवर ठेवून झोपायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं ते परत केलं.

"ह्या लेखकाला पाय होते का?"

"म्हणजे?"

"आख्ख्या पुस्तकात उभं राहण्याबद्दल काही नाही. अन् माणसाला हा मानव संसाधन म्हणते. संसाधनाला भूक लागत नसेल, माझ्या पोरींना लागते."

तिनं स्वतःचा एकच नियम केला, आणि तो तिच्या त्या एकुलत्या एका अंधश्रद्धेतून निघाला. वॉर्डात कोणालाही ताटावरून उठवायचं नाही. सिस्टर जेवायला बसली की तिचा वॉर्ड इन्चार्ज बाईंकडे. कोणी हाक मारली तर इन्चार्ज बाई जातील. डॉक्टरनं मारली तरी.

दवाखान्याचे अधीक्षक साताऱ्याकडचे होते. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस आपापल्या जागी लागायचा. एकदा त्यांनी ड्रेसिंगसाठी सिस्टरला हाक मारली आणि पट्ट्यांचा ट्रे घेऊन माझी बायको हजर.

"तुम्ही इन्चार्ज आहात बाई. पट्टी तुम्ही का बांधताय?"

"ती जेवते आहे सर."

"अहो पण इन्चार्जनं देखरेख करायची असते."

"करते नं. बांधता बांधता करते. माझी पट्टी ढिली बसते का?"

पट्टी ढिली बसत नव्हती. साहेबांनी ती दोनदा ओढून पाहिली, असं जुन्या सिस्टर आम्हाला पुढं कितीतरी वर्षं सांगत.

पण जेवायचं कुठं? सिस्टरांसाठी एक खोली कागदोपत्री होती. वॉर्डाच्या टोकाला, कडुनिंबाच्या बाजूला. तिच्यात मोडक्या लोखंडी खाटा, चाक नसलेली स्टँडं आणि झाकण हरवलेलं एक निर्जंतुकीकरणाचं पातेलं छतापर्यंत रचलेलं. सरकारी वस्तू मोडली तरी ती फेकता येत नाही. आधी समिती येते, वस्तू खरोखर मोडली आहे का ते पाहते, आणि मग तिचं निर्लेखन होतं, म्हणजे सरकारी यादीतून तिचं नाव कमी होतं. समिती येत नव्हती. कपडे बदलायला सिस्टर लोक बाथरूममध्ये जायच्या आणि जेवायच्या चादरींच्या कपाटामागं, उभ्यानं, डब्याचं झाकण हातात धरून.

बायकोनं साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, निर्लेखन होईपर्यंत त्या खाटा दवाखान्याच्या आवाराबाहेर जाता कामा नयेत. तिनं मान डोलावली आणि वॉर्डबॉयला घेऊन सगळ्या खाटा आवारातच हलवल्या. त्यांच्यासाठी तिला योग्य वाटलेली जागा म्हणजे साहेबांच्या ऑफिसचा व्हरांडा. साहेबांना रोज सकाळी त्या लोखंडाच्या जंगलातून वाट काढून खुर्चीपर्यंत जावं लागलं. समिती पुढच्याच महिन्यात आली.

खोली मोकळी झाली. मग तिथं जे झालं ते पाहायला मी मुद्दाम गेलो होतो. सिस्टरांनी स्वतः चुना लावला. जुन्या सिस्टरांनी जुन्या साडीचे पडदे शिवून आणले, काठ बरोबर खाली येईल असे. कोणी क्रोशाचा रुमाल आणला, कोणी प्लॅस्टिकची फुलं, कोणी टेबलावर घालायला चौकड्यांचा मेणकापडाचा तुकडा. कुठूनशा चार नव्या खुर्च्या आल्या, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. पिण्याच्या पाण्याचा माठ, त्यावर झाकणी, झाकणीवर पालथा पेला. मी म्हटलं, आता तुमच्या नेतृत्वाचं प्रकरण पूर्ण झालं. बायको खूश होती. इतकी खूश, की त्या दिवशी घरी येताना तिनं मला चालत चालत मूगवडे खाऊ घातले आणि रस्त्यात खाल्ल्याबद्दल स्वतःलाच रागावली.

पंधरवड्यानं ती घरी आली ती हसत. पदर तोंडाला लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं काही विनोद झाला.

"काय झालं?"

"कुलूप लावलं त्यांनी."

"कशाला?"

"खोलीला! खराब होते म्हणून!"

झालं असं होतं की ती दुपारी चादरींच्या कपाटामागून गेली तर तिथं तिघी नेहमीसारख्याच उभ्या, हातात झाकणं. तिनं विचारलं, अगं इथं काहून उभ्या? त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी जुन्या सिस्टर म्हणाल्या, "बाई, आता एवढी चांगली केली खोली. रोज रोज बसून कायले खराब करा? तेलाचे हात लागते मेणकापडाले. कोणी साहेब आला, पाहुणा आला, तर दाखवाले पाह्यजे नं." किल्ली त्यांच्याच खिशात होती. रोज सकाळी त्या खोली उघडून झाडून घेत, माठ भरत, आणि पुन्हा कुलूप लावत. माठातलं पाणी रोज ताजं असायचं. ते रोज ओतून दिलं जायचं.

हसून झाल्यावर बायकोनं डोळे पुसले. मग म्हणाली, "ह्यांना काय म्हणावं?"

आता माझा हजरजबाबीपणा वर्षातून एकदाच उपयोगी पडतो, तो त्या दिवशी पडला. मी समोरच्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. त्यात आमच्या लग्नातला कपबश्यांचा संच होता, सोनेरी कडेचा. लग्नापासून त्या कपांना चहा ठाऊक नव्हता. धुतले जायचे मात्र दर महिन्याला. ती त्या कपाटाकडे पाहत राहिली, माझ्याकडे एक नजर टाकली, आणि स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सोनेरी कडेच्या कपात चहा मिळाला.

इकडं खोलीचं मात्र भलतंच झालं. त्या वर्षांत आमच्या भागात पाहणी करणारी पथकं फार यायची. नागपूरहून, मुंबईहून, एखादं दिल्लीहूनसुद्धा. गाड्यांची रांग यायची, पाहुणे वॉर्डातून एक फेरी मारायचे, पेशंटला तेच ते प्रश्न विचारायचे, मग चहा कुठं पाजायचा हा साहेबांपुढचा पेच. त्यांच्या ऑफिसात खुर्च्या कमी आणि पंखा आवाज करणारा. एक दिवस त्यांनी खिडकीच्या पडद्याच्या फटीतून ती खोली पाहिली. चुना, क्रोशा, फुलं, न वापरलेल्या खुर्च्या.

"बाई, गुरुवारी पथक येतंय. ती टोकाची खोली आपण अतिथी कक्ष करू. तशीही रिकामीच असते."

खोली रिकामी असते हे खरंच होतं. आणि साहेबांनी पाट्या रंगवणाऱ्याला निरोपही धाडला होता. एकदा पाहुणे तिथं बसले आणि दारावर पाटी लागली की ती खोली परत मिळणार नाही, हे नोकरीतल्या कोणालाही सांगावं लागत नाही. सिस्टर पुन्हा कपाटामागं, उभ्या.

त्या संध्याकाळी ती सुताराकडे गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान, तिरड्यांपासून पाळण्यांपर्यंत सगळं करणारा. दुसऱ्या दिवशी त्यानं दवाखान्यात जाऊन त्या दाराची बाहेरची कडी आणि कोयंडा काढला, भोकं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवली, आणि तीच कडी आतल्या बाजूनं बसवली. काम एवढंच. आता ती खोली बाहेरून कोणाला बंद करता येत नव्हती. आत माणूस असेल तरच बंद व्हायची.

जुन्या सिस्टर हातात कुलूप घेऊन उभ्या.

"मंग हे कुठं लावू बाई?"

"घरी न्या. गाईच्या गोठ्याला लावा."

"माह्याकडं गाय नाई."

"मग गाय घ्या."

त्या दोन दिवस माझ्या बायकोशी बोलल्या नाहीत. खोलीत धूळ बसेल, पडदे कोणी हात पुसायला घेईल, सगळं वाटोळं होईल, असं त्या भिंतींना ऐकवत राहिल्या. बायको मला म्हणाली, "साहेब सोपे असतात हो. त्यांना नाही म्हणता येते."

बुधवारी तिनं सगळ्यांना खोलीत बसवलं आणि सांगितलं की उद्या मी साहेबांपुढं एक शब्द बोलणार नाही. मी बोलली तर खोली माझी होईल, अन् मी तर चार वर्षांनी घरी बसणार. ज्यांना जेवायचं आहे त्यांनी बोलावं. हे तिनं मला घरी आल्यावर सांगितलं, आणि तांड्यावरच्या पोरीनं काय म्हटलं तेही सांगितलं.

"मले नाई जमत बाई. साहेब समोर आले का माह्या तोंडातून शब्दच निघत नाई."

"मग दाराआडून बोल," ही म्हणाली. "दार कायले असते?"

गुरुवारी मी तिथं होतो त्याचं कारण कपबश्या. पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात चहा कसा द्यायचा म्हणून साहेबांनी कॉलेजातून कपबश्या मागवल्या होत्या, आणि प्राचार्यांच्या मते फुटणारी वस्तू सांभाळून नेण्यासारखा माणूस आख्ख्या कॉलेजात मीच. कपबश्यांचं खोकं छातीशी धरून मी वॉर्डाच्या टोकाशी उभा होतो. पथक सकाळी यायचं होतं ते दुपार टळल्यावर आलं. वॉर्ड भरलेला. तांड्यावरची पोर सकाळपासून एका पेशंटच्या बाहुलीवरून नजर काढत नव्हती. त्याचं कापरं थांबलं, नाडी लागली, तेव्हा कुठं माझ्या बायकोनं तिच्या हातातून ट्रे काढून घेतला आणि खिळ्यावरचा डबा तिच्या हातात दिला. ती खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. नवी बसवलेली होती, जरा कुरकुरली.

आणि गाड्या आल्या. साहेब पुढं, मागं सात-आठ माणसं, त्यांतले सगळ्यांत वडीलधारे पांढऱ्या केसांचे, बहुधा पथकाचे प्रमुख. वॉर्डातून फेरी झाली. मग साहेब म्हणाले, "या, इकडं अतिथी कक्षात थोडा चहा घेऊ," आणि त्यांनी दार ढकललं. दार उघडलं नाही. बाहेर कडी शोधली, तिथं लांबीचे ठिपके. त्यांनी दार वाजवलं.

आतून काहीच नाही.

साहेबांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या पालीकडे पाहत होती. इतक्या लक्षपूर्वक पालीकडे पाहणारी परिसेविका मी पुन्हा पाहिली नाही. साहेबांनी जुन्या सिस्टरांकडे पाहिलं. त्यांना अचानक एका पेशंटची चादर सरळ करायची आठवण झाली. मी खोकं आणखी घट्ट धरलं. मला एकदम वाटलं की ही पोर काही बोलणार नाही, घास टाकून उठेल, दार उघडेल, पदरानं खुर्ची पुसून देईल, आणि संध्याकाळी पाटी लागेल. माझ्या बायकोलाही तेच वाटत असणार. तिच्या मानेवरची शीर दिसत होती. पण ती बोलली नाही.

साहेबांनी पुन्हा वाजवलं. "कोण आहे आत?"

"मी हाय." आवाज बारीक. "जेवून राह्यली साहेब. थांबा."

"अहो, पाहुणे आलेत!"

आत पेला ठेवल्याचा आवाज झाला. मग त्याच पोरीचा आवाज आला, पण हा तो फोनवरचा, आईशी बोलताना निघणारा:

"हाव साहेब, आले असन. पण माही अर्धी भाकर राह्यली."

मागं कोणीतरी हसलं. साहेबांचा चेहरा काय करावं हे न कळून मध्येच थांबला. तेवढ्यात ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणाले, "राहू द्या हो डॉक्टर. ताटावरून नका उठवू." आणि ते वॉर्डाबाहेरच्या लांब बाकावर, नातेवाइकांच्या मधोमध, जागा करून बसले. मग बाकीच्यांनाही बसावं लागलं, जागा मिळेल तिथं. मी कपबश्या तिथंच वाटल्या. चहा आला. त्यांच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, मुलाला आणलेली. तिनं त्यांच्याकडं नीट पाहून घेतलं आणि मायेनं विचारलं,

"तुमचा पेशंट कोणता, दादा?"

ते थोडा वेळ कपात पाहत राहिले. मग त्यांनी तिलाच तिच्या पेशंटबद्दल विचारलं, आणि ती सांगत राहिली, आणि त्यांचा चहा निवला. पोर भाकरी संपवून, हात धुऊन, दार उघडून उभी राहिली, "या आता" म्हणाली, तरी ते उठले नाहीत. म्हातारीचं सांगणं अजून संपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाटीवाल्याला परत पाठवलं. माझ्या बायकोला मात्र म्हणाले, "बाई, तुमच्या त्या मुलीची भाकरी फार मोठी असते."

खोली राहिली. जुन्या सिस्टरांचा राग केव्हाच गेला होता आणि महिन्याभरात त्याच खोलीत सगळ्यांत आधी बसायला आणि सगळ्यांत शेवटी उठायला त्याच असायच्या. त्यांनी एकच अट घातली, खुर्च्यांचं प्लॅस्टिक काढायचं नाही. उन्हाळ्यात त्या खुर्चीतून उठताना फाडल्यासारखा आवाज यायचा. पण उठायची कोणाला घाई नसायची.

सगळ्यांना जेवायला बसवणारी बाई स्वतः कधी बसली, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्या खोलीत ती फारशी जेवलीच नाही. बाकीच्या जेवायच्या तेव्हा ती वॉर्डात. ती घरी यायची चारच्या पुढं आणि तेव्हा ताट वाढून घ्यायची. आणि नेमकी तेव्हाच गल्लीतली मंडळी यायची. बाई, पोराला ताप आहे, जरा पाहता का. बाई, हे गोळीचं पाकीट कशाचं आहे. मी तिला म्हटलं, तुझा नियम तुला लागू नाही का? तुला ताटावर कोण बसू देणार?

"तुम्ही आहात नं," ती म्हणाली. "तेवढं तरी करा. पुस्तक घेऊन ओट्यावर बसा."

तेव्हापासून तिच्या निवृत्तीपर्यंत आणि नंतरही तेच माझं खरं पद. तिचं जेवण होईपर्यंत मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचो आणि येणाऱ्याला सांगायचो, जेवते आहे, थांबा. तिचं जेवण लवकर आटपायचं, पण मी मुद्दाम एखादं पान जास्त वाचायचो.

गेल्या वर्षी ती गेली. त्याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही, म्हणून जेवणाबद्दल लिहितो. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणाच्या, कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर कितीतरी दिवस माणसं येत होती. तिनं ज्यांना टाके घातले, ज्यांची बाळंतपणं केली, ज्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, ते सगळे. चांगली माणसं. मी ताट घेऊन बसलो की कोणीतरी यायचं. मी हात धुऊन उठायचो, ते रडायचे, मी त्यांना पाणी द्यायचो, ते जायचे, आणि ताटावर माशा. मुलगी सासरी परत गेल्यावर तर मी वाढून घेणंही सोडत चाललो होतो. ओट्यावर बसायला कोणी नव्हतं.

एका दुपारी ती तांड्यावरची पोर आली. पोर कसली, आता केस पिकू लागलेत आणि मारेगावकडच्या एका दवाखान्यात ती स्वतः इन्चार्ज आहे. डबा घेऊन आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघरातल्या पडलेल्या भांड्यांकडे पाहिलं, आणि काही न विचारता ताट वाढलं. मी पहिला घास घेतो तोच फाटक वाजलं. मी सवयीनं उठू लागलो.

"बसा बाबूजी," ती म्हणाली. उठून गेली आणि दाराची कडी आतून लावली.

बाहेरून कोणीतरी दार वाजवलं. ती तिथूनच म्हणाली, "जेवून राह्यले. थांबा."

मग सातारी वळणाचा, म्हातारा झालेला आवाज आला. आमचे अधीक्षक साहेब, निवृत्तीनंतर साताऱ्याला न परतता यवतमाळला स्थायिक झालेले, दुःखाच्या भेटीला आले होते.

"अरे देवा. पुन्हा मी बाहेरच का?"

"ओट्यावर खुर्ची हाय साहेब," ती म्हणाली. "बसा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती माझ्या समोर येऊन बसली आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी ठेवली. साहेब तेव्हा खरं बोलले होते. भाकरी फार मोठी होती. ती संपेपर्यंत मी उठलो नाही.